लोकसंख्याशास्त्रात एमए करावं का? नेमकं शिकवतात तरी काय?

अनुस्वार

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्र मुख्य आणि संख्याशास्त्र जोडीला घेऊन पदवी झाली. पुढे लोकसंख्याशास्त्रात एमए करावं असं डोक्यात आहे. अभ्यासक्रम चाळला तर 'जागतिक लोकसंख्या बदल' हा एक लठ्ठ पेपर आहे, बाकी जनन, मर्त्यता, स्थलांतर, पद्धती वगैरे. कुणाला सांगायला गेलं की एकच प्रश्न येतो, "म्हणजे माणसं मोजायची ना?" मलाही त्यापुढे धड काही सांगता येत नाही, म्हणून इथे विचारते.

शाळेत 'लोकसंख्येचा भस्मासुर' लिहून आपण गुण मिळवले. आता रोज उलट बातमी. कोरियात मुलं होईनात, चीन आकसायला लागला. वर्गात यातलं कुठलं शिकवतात? दुसरं, गणित किती लागतं? संख्याशास्त्र झालंय, पण सिद्धता लिहायच्या म्हटलं की अंगावर काटा येतो. आणि तिसरं, 2100 साली जगात किती माणसं असतील हे लोक इतकं छातीठोकपणे कसं सांगतात? कुणी हा विषय केला असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

टोकदार

सरळ अर्थशास्त्रातच पुढे जा. लोकसंख्यावाल्यांच्या भाकितांची गत बघा. 1980 साली पॉल एर्लिक आणि अर्थतज्ज्ञ जुलियन सायमन यांची पैज लागली. एर्लिकचं म्हणणं, माणसं वाढताहेत तर धातू महागणारच. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील, टंगस्टन हे पाच धातू निवडले ते त्याच्याच बाजूने. 1990 उजाडेपर्यंत जगात 80 कोटींहून जास्त माणसांची भर पडली होती आणि महागाई वजा केली तर पाचही धातू स्वस्त झाले होते. एर्लिकने मुकाट्याने चेक पाठवला. माणसं अन्नाहून वेगाने वाढतील म्हणून माल्थसने 1798 मध्ये धोक्याची घंटा वाजवली, तेव्हापासून यांचा प्रलय उद्यावरच आहे.

वजाबाकी

टोकदार, पैज खरी आहे, पण एर्लिक फुलपाखरांचा अभ्यासक. त्याची उधारी आमच्या खात्यावर कशाला मांडता? शिवाय 1980 ऐवजी दुसरी दहा वर्षं धरली असती तर बऱ्याचदा तोच जिंकला असता, हेही लोकांनी नंतर हिशेब करून दाखवलंय. असो.

अनुस्वार, मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. त्याआधी सर्वेक्षणांची विदा, म्हणजे डेटा, साफ करायच्या कामात होते, त्यामुळे सिद्धान्तांपेक्षा आकडा कुठून आला याकडे माझा ओढा जास्त. तेवढं वजा करून वाचा.

स्फोट की ओहोटी हा प्रश्न पहिल्याच महिन्यात बाजूला पडतो, कारण दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने जग 2011 मध्ये 7 अब्जांवर गेलं आणि 15 नोव्हेंबर 2022 ला 8 अब्जांवर. पण वाढीचा वेग 1960 च्या दशकात वर्षाला 2 टक्क्यांच्या वर होता, तो उतरत उतरत आज 1 टक्क्याच्याही खाली आलाय. 1950 च्या सुमारास जगात बाईमागे सरासरी पाच मुलं होत, आता साधारण सव्वादोन. त्या सव्वादोनमध्ये सहाच्या आसपास असलेलं नायजरही आहे आणि 2023 साली 0.72 वर आलेला दक्षिण कोरियाही. भस्मासुरवाले नायजरकडे बोट दाखवतात, ओहोटीवाले कोरियाकडे.

आमच्याकडे एकूण आकड्याच्या आधी वय विचारतात. पहिल्या आठवड्यात मी एक गणित फळ्यावर टाकते. जपानमध्ये वर्षाला दर हजारी 12-13 माणसं मरतात, भारतात 6-7. पण अपेक्षित आयुर्मान जपानचं 84 आणि भारताचं 72 च्या आसपास. मग जपानमध्ये जवळपास दुप्पट मरण कसं? वर्गातून दरवर्षी त्याच क्रमाने उत्तरं येतात: आत्महत्या, कामाचा ताण, भूकंप. एखादा अणुबॉम्बपर्यंतही जातो. जपानमध्ये निम्मी माणसं एकोणपन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहेत, भारतात निम्मी अजून तिशीच्या आत, हे कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. मग दोन्ही देशांना एकच वयरचना उसनी द्यायची, प्रत्येक वयाचे मृत्युदर मात्र ज्याचे त्याला ठेवायचे आणि पुन्हा बेरीज करायची. जपान झटकन खाली येतो. याला प्रमाणीकरण म्हणतात. दोन देशांची, दोन जिल्ह्यांची, अगदी दोन इस्पितळांची तुलना करणारी बातमी वाचताना पुढे आयुष्यभर ही खोड सुटत नाही.

विषयाचा कणा म्हणजे जीवन सारणी. 1 लाख बाळं जन्मली असं धरायचं आणि आजच्या मृत्युदरांतून त्यांना एकेका वयातून पुढे न्यायचं. किती उरली, किती गेली, मिळून किती वर्षं जगली. या प्रकाराचा आद्यपुरुष लंडनचा जॉन ग्राँट, धंद्याने फिती-बटणांसारख्या किरकोळ कापडसामानाचा व्यापारी. तिथे दर आठवड्याला मृतांच्या याद्या निघत, मुख्यतः प्लेगचा अंदाज यावा म्हणून. यादीत कारण असे, वय नसे. ग्राँटने 1662 साली कारणांवरून वय ताडलं. दात येताना गेलेलं, जंतांनी गेलेलं, आकडीने, मुडदुसाने गेलेलं म्हणजे लहान मूल, असं धरून त्याने काढलं की शंभरांतली 36 मुलं सहाव्या वर्षाच्या आत जातात. शेवटी 76 पर्यंत पोचणारा एक. मधल्या पायऱ्या त्याने बऱ्याचशा अंदाजानेच भरल्या, पण चौकट उभी राहिली. पुढे 1693 मध्ये एडमंड हॅलीने, हो, धूमकेतूवाल्याच, ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदी घेऊन खरी वयं वापरून सारणी केली आणि तिच्यावरून वर्षासनांच्या, म्हणजे हयातभर दरवर्षी मिळणाऱ्या रकमांच्या, किमती काढून दाखवल्या. विमा कंपन्यांचं पोट आजही याच सारणीवर भरतं. नोकरीचं विचारलं नाहीस, पण एक वाट तिकडूनही जाते.

दुसरा मोठा धडा जननदराचा. एका वर्षात 15 ते 49 वयाच्या बायकांना वयागणिक किती मुलं झाली, ते दर एकाखाली एक लिहून बेरीज करायची. म्हणजे हा कुठल्याही खऱ्या बाईचा आकडा नव्हे, त्या एका वर्षाचे सगळे दर जी जन्मभर भोगेल अशा काल्पनिक बाईचा. हे डोक्यात बसावं म्हणून 1966 चं जपान दाखवते. त्या वर्षाचं पंचांगातलं नाव 'अग्नीचा घोडा', दर साठ वर्षांनी येतं आणि त्यात जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते अशी समजूत. आदल्या वर्षी 18 लाखांवर बाळं झाली होती, 1966 मध्ये साडेतेरा लाखांच्या आसपास, आणि 1967 मध्ये थेट 19 लाखांवर. जननदर 2.14 वरून 1.58 आणि परत 2.23. वयानुसार लोकसंख्या दाखवणाऱ्या मनोऱ्यावर एक खोल खाच पडली, ती अजून जपानच्या आलेखात वयाबरोबर वर सरकताना दिसते. जपानी बायकांना मुलं नको झाली होती का? मुळीच नाही, बहुतेकींनी फक्त वर्ष टाळलं. आता लग्न आणि पहिलं मूल दरवर्षी थोडं थोडं पुढे ढकलणारा देश डोळ्यांपुढे आण. तिथेही वार्षिक दर खऱ्याहून कमीच दिसत राहणार. बोंगार्ट्स आणि फीनी यांनी 1998 मध्ये यावर दुरुस्तीचं सूत्र दिलं. ते बरोबर की चूक यावर अजून भांडणं चालतात, आणि पेपरात हमखास येतं.

गमतीचा भाग असा की 1989 मध्ये जपानचा दर कसलंही पंचांग मध्ये न येता 1.57 वर उतरला. घोड्याच्या वर्षाच्याही खाली. सरकार हादरलं ते तेव्हा.

जग बदललं कसं, हा तुझा लठ्ठ पेपर. त्यात संक्रमणाचा सिद्धान्त येतो: आधी मृत्युदर पडतो, जन्मदर मागाहून, आणि मधल्या काळात लोकसंख्या फुगते. चार टप्प्यांची ती सुबक आकृती पाठ करशीलच, पण परीक्षा झाली की जरा संशयाने बघ तिच्याकडे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात लोकसंख्याशास्त्रज्ञ आन्सली कोल यांच्या पुढाकाराने युरोपातला प्रांत नि प्रांत तपासला गेला. कारखाने आले, शिक्षण आलं आणि मग मुलं कमी झाली, असा सरळ क्रम काही सापडला नाही. फ्रान्समध्ये घट अठराव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली होती, औद्योगिकीकरणात पुढे असलेल्या इंग्लंडमध्ये त्यानंतर कितीतरी उशिरा. एकच भाषा बोलणारे प्रांत, गरीब असोत की सधन, साधारण एकाच सुमाराला बदलताना दिसले.

सरकारी हुकमांचंही तेच, वाटतं तेवढं सरळ नाही. रुमानियात ऑक्टोबर 1966 मध्ये गर्भपातावर जवळजवळ बंदी आली. जननदर वर्षभरात 1.9 वरून 3.7 वर गेला, आणि मग लोकांनी चोरवाटा शोधल्या तसा 1980 च्या दशकापर्यंत पुन्हा दोनच्या आसपास उतरला. मधल्या मध्ये असुरक्षित गर्भपातांनी किती बायका गेल्या, तो वेगळा आणि भयंकर आलेख. (1974 ची जागतिक लोकसंख्या परिषद भरली ती त्याच बुखारेस्टमध्ये. भारताचे मंत्री करणसिंह यांनी 'विकास हेच उत्तम संततिनियमन' असं म्हटलं ते तिथे. त्यांच्याच देशात पुढच्या दोन वर्षांत, आणीबाणीत, नसबंदीची सक्ती कशी झाली, तेही त्याच प्रकरणात शिकवते.) चीनमध्ये एक-मूल धोरण 1980 च्या सुमारास आलं, पण तिथला दर 1970 च्या दशकातच सहाच्या जवळून तीनच्या खाली उतरला होता. श्रेय किंवा दोष कुणाला द्यायचा, हे तारखा लावून मग बोलायचं.

गणिताचं आणि 2100 चं उद्या लिहिते. हात दुखले.

कोरापान

मी दुसऱ्या वर्षाला आहे, गणिताचं मी सांगतो. सिद्धता फार नाहीत. भारित सरासरी झोपेतही करता आली पाहिजे. त्याखेरीज लोटकाच्या स्थिर लोकसंख्येसाठी (दर तेच राहिले तर वयरचना कशी स्थिरावते ते) थोडं कलन, लोकसंख्या पुढे सरकवण्यासाठी मॅट्रिक्स आणि दुसऱ्या वर्षी प्रतिगमन. आमच्याकडे सगळं 'आर' या संगणक-भाषेत करवून घेतात.

दमवते ती लेक्सिसची आकृती. आडव्या अक्षावर साल, उभ्यावर वय, आणि प्रत्येक माणूस म्हणजे 45 अंशात चढत जाणारी रेघ. आता 2020 मध्ये वयाच्या 60 व्या वर्षी वारलेले लोक कोणत्या साली जन्मले? 1959 की 1960? दोन्ही असू शकतात, वाढदिवस झाला होता की नाही त्यावर. चौकोन मध्ये तिरका कापून दोन त्रिकोण होतात आणि प्रत्येक दर काढताना कुठला त्रिकोण घेतलास ते सांगावं लागतं. पहिल्या सत्रात निम्मा वर्ग इथे गटांगळ्या खातो.

अनुस्वार

वजाबाकी ताई, कोरापान, मनापासून आभार. एक शंका वाढली. जपान-स्वीडनकडे नोंदी आहेत. पण जिथे जन्माचे-मृत्यूचे दाखलेच होत नाहीत, तिथले दर कुठून येतात? की सगळं अंदाजपंचे?

वजाबाकी

हा माझ्या आवडीचा प्रश्न, म्हणून आधी हाच घेते.

विल्यम ब्रास नावाचे गृहस्थ 1960 च्या आसपास आफ्रिकेच्या आकड्यांवर काम करत होते. नोंदणी नावालाच. त्यांनी दोन साधे प्रश्न पकडले: बाई, तुला एकूण मुलं किती झाली? त्यातली आज किती हयात आहेत? तारखा नाहीत, वयं नाहीत, काही नाही. पण 20 ते 24 वयाच्या आईची मुलं लहानच असणार, तेव्हा तिच्या गेलेल्या मुलांचं प्रमाण साधारण दोन वर्षांच्या आत मरण्याची शक्यता सांगतं. 25 ते 29 वाल्यांचं प्रमाण तीन वर्षांपर्यंतची, 30 ते 34 वाल्यांचं पाचपर्यंतची. थोडी गुणकांची दुरुस्ती केली की बालमृत्युदर हातात. अंदाज आहेच, पण अंदाजपंचे नव्हे. ज्या आया स्वतःच वारल्या त्यांना हा प्रश्न विचारता येत नाही, आणि एड्सच्या काळात ही फट रुंदावली. अशा फटी शोधणं हीच आमची रोजची भाकरी.

वय विचारण्याचंही असंच. लोक वय 'चाळीस' सांगतात, 'पंचेचाळीस' सांगतात, 'त्रेचाळीस' क्वचितच. कच्ची जनगणना उघडून वयानुसार आलेख काढ, 0 आणि 5 वर सुळके आणि 1 आणि 9 वर खड्डे दिसतील. व्हिपलचा निर्देशांक हे सुळके मोजतो: 23 ते 62 वयांत 0 किंवा 5 ने संपणारी वयं सांगणारे किती, त्याला याच वयांतल्या एकूण लोकांच्या पाचव्या हिश्शाने भागायचं आणि 100 ने गुणायचं. 100 आलं तर उत्तम, 500 आलं तर सगळ्यांनीच गोळाबेरीज सांगितली. माझ्या हाताखालून गेलेल्या एका विदेत मात्र सुळके नव्हतेच, वयं संशय यावा इतकी गुळगुळीत. कुणीतरी कार्यालयात बसून ती 'सुधारली' होती. सुळके असलेली विदा मला त्यापेक्षा परवडते.

1984 पासून अमेरिकी मदतीवर चालणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणं नव्वदेक देशांत झाली, गरीब देशांचं बरंचसं ज्ञान त्यांतूनच आलं. 2025 च्या सुरुवातीला तो निधी तोडला गेला. त्यातली काही कामं दुसऱ्या पैशांवर सावरली, पण पुढच्या दशकात कित्येक देशांचे आकडे विरळ होणार. तू शिकून बाहेर पडशील तेव्हा ब्रासची जुनी हत्यारं पुन्हा काढावी लागतील, असं मला वाटतं.

स्थलांतरावर मुद्दामच फार लिहीत नाही. माणूस जन्मतो एकदा आणि मरतो एकदा, पण जागा कितीदाही बदलतो, आणि जाताना कुणाला सांगत नाही. सगळ्यात कच्चे आकडे इथलेच. इंग्लंड-वेल्ससारख्या ठिकाणी 2011 ची जनगणना झाली तेव्हा आधीच्या अंदाजाहून साडेचार लाखांवर जास्त माणसं निघाली, ती मुख्यतः या खात्यातली.

टोकदार

बरं, पद्धती मान्य. पण 2100 चं काय? संयुक्त राष्ट्रांचा 2024 चा अंदाज म्हणतो, 2080 च्या दशकाच्या मध्याला 10.3 अब्जांचं शिखर. सिअॅटलच्या आयएचएमई या आरोग्य-आकडेवारीच्या संस्थेने 2020 मध्ये सांगितलं की 2064 मध्येच 9.7 अब्जांवर शिखर, आणि शतकाअखेर 8.8. दोघेही तज्ज्ञ, शतकाअखेरचा फरक दीड अब्जाच्या घरात. याला शास्त्र म्हणायचं?

वजाबाकी

फरक कुठून येतो ते बघा, मग ठरवा.

2050 मध्ये तिशीच्या पुढे असणारे सगळे लोक आज जन्मलेले आहेत. त्यांच्यात फक्त मृत्यू आणि स्थलांतर वजा-अधिक करायचं, त्यामुळे तीसेक वर्षांपर्यंत कुणाचाच अंदाज फार भरकटत नाही. शिवाय वाढीला स्वतःचा जोर असतो. भारताचा जननदर 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 2.0 होता, प्रतिस्थापनाच्या, म्हणजे एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला लागणाऱ्या, 2.1 हून कमी, तरी संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने तिथली लोकसंख्या 2060 च्या दशकापर्यंत वाढतच राहते. कारण काल जन्मलेल्या मुली आता आया होताहेत आणि त्या संख्येनेच जास्त आहेत. दर घसरला म्हणून त्या नाहीशा होत नाहीत.

2050 नंतर मात्र अजून न जन्मलेल्या मुलींना किती मुलं होतील, यावर सगळा डोलारा उभा आहे. संयुक्त राष्ट्रं धरतात की फार खाली गेलेले देश हळूहळू थोडे वर येतील. आयएचएमईवाल्यांनी मुलींचं शिक्षण आणि गर्भनिरोधनाची सोय यांच्यावर दर बांधला, आफ्रिकेत तो झपाट्याने उतरवला आणि चीनसारख्या देशांनाही फार वर येऊ दिलं नाही. माझं मत विचाराल तर कोरियाच्या बाबतीत 'परत वर येईल' हे गृहीतक मला पटत नाही. तिथे ते वर्षानुवर्षं मांडलं गेलं आणि 2023 पर्यंत दर खालीच जात राहिला. आफ्रिकेच्या बाबतीत उलट, 2020 चा अंदाज मला जरा घाईचा वाटला. दोन्हींतला आकडा सांगताना गृहीतक सोबत सांगितलं नाही तर तो आकडा सांगू नये, असं मी वर्गात दटावते. वर्तमानपत्रांना कोण दटावणार!

अनुस्वार

प्रवेशअर्ज भरला! सुट्टीत हात बसावा म्हणून काही करता येईल का? पुस्तकं नकोत, गणित द्या.

वजाबाकी

ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस उघड. बर्कलेचं विद्यापीठ आणि रोस्टॉकची माक्स प्लांक संस्था यांनी मिळून उभा केलेला, नाव नोंदवलं की फुकट. स्वीडनच्या नोंदी तिथे 1751 पासून आहेत. 1773 साल घे, दुष्काळ आणि रोगराईचं. त्या एका वर्षाचे वयवार मृत्युदर उतरवून जीवन सारणी स्वतः बांध, तयार सारणीकडे बघू नकोस. अपेक्षित आयुर्मान विशीच्या खाली येईल. मग त्या वर्षी स्वीडनमध्ये माणसं विशीत मरत होती का, याचं उत्तर तुझ्याच सारणीतल्या मृत्यूंच्या रकान्यावरून एका परिच्छेदात लिही. तो परिच्छेद जमला तर पहिल्या सत्राची काळजी नको.

अनुस्वार

बसले आहे. दोन ठिकाणी अडले. पहिल्या वर्षात मेलेली बाळं सरासरी अर्धं वर्ष जगली असं धरू का? आणि शेवटचा वयोगट 110 च्या पुढे उघडाच आहे, तिथे मरण्याची शक्यता काय लिहू?

वजाबाकी

अर्धं धरू नकोस. तान्ह्यांचे मृत्यू पहिल्या काही आठवड्यांतच दाटलेले असतात, म्हणून सरासरी बरीच कमी येते. 1773 साठी 0.3 च्या आसपास धरून बघ, मग 0.5 धरून बघ, आणि शेवटच्या आकड्यात किती फरक पडला ते वहीत नोंदव. उघड्या गटात शक्यता 1 लिही, सगळेच मरणार आहेत. त्या गटातलं सरासरी उरलेलं आयुष्य म्हणजे 1 भागिले तिथला मृत्युदर. पण 1773 मध्ये 110 पर्यंत कोण पोचतंय! 85 ला गट उघडा टाक आणि पुढे चल.